काकांच्या तिजोरीची किल्ली

बॉथेल, रविवार, ऑक्टोबर २००६

सकाळपासून ती नळीच डोळ्यांपुढे आहे. आज नेमबाजीच्या रेंजवर जोशीकाका माझ्याशी काहीतरी बोलायला वळले आणि त्यांच्या हातातली रायफलही वळली. नळी सरळ माझ्या पोटाकडे. रेंजवरचा माणूस ओरडला, तर काका आजूबाजूला बघायला लागले, हा कोणावर ओरडतोय म्हणून.

मला नेम धरायला शिकवलं ते याच काकांनी. "रायफल रिकामी आहे असं कधीच धरून चालायचं नाही, आणि माणसाकडे ती वळवायची नाही." रिटायर्ड डॉक्टर, इतका काटेकोर माणूस. रायफल तिजोरीत, गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात. आणि आज ती नळी...

त्यांना घरी सोडलं आणि ड्राइव्हवेतूनच त्यांच्या मुलाला टेक्सासला फोन केला. तो म्हणाला, "आई गेल्यापासून बाबांना तेवढंच आहे रे. तेही बंद करू?"

मग आत जाऊन मीच विचारलं, "काका, तिजोरीची किल्ली माझ्याकडे ठेवू का?" वाटलं, चिडतील. त्यांनी निमूट किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "बरं केलंस. हल्ली माझी मलाच भीती वाटते." चिडले असते तर सोपं गेलं असतं का?

दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी नऊला ये न्यायला. उशीर केलास तर रेंजवर चांगली जागा मिळत नाही."

"येतो काका," म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?