उसाच्या वाढ्याखालचे साचे

आबा, तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी मी कारेगावला मिस्त्रीकाकांच्या घरी जाऊन आले. कारण साधंच होतं. आपल्या कंपनीची नवी शेड उभी राहिली आहे, आणि मामेभावाच्या मनात आलं की उद्घाटनाला कंपनीचा इतिहास छापून वाटावा. दोन पानं पुरे, म्हणाला, पण आमच्या वडिलांचं आणि आबांचं सगळं त्यात आलं पाहिजे, आणि ते तूच लिही. मी लिहायला बसले, तर आपण बनवलेल्या कागदाच्या पहिल्या मशिनचा एकही फोटो घरात सापडेना. तो असलाच तर एकाच माणसाकडे असणार, आणि त्या माणसाला आपल्या घरात चोर म्हणायची रीत होती. फोटोपुरतं जाऊन येऊ, असं मनाशी म्हणत मी गाडी काढली. आता परत आल्यापासून डोक्यात नुसता गुंता झालाय, आणि तो तुमच्याशिवाय कुणापुढे मांडावा ते समजत नाही.

सुरुवात मला आठवते, निदान आठवते असं वाटतं. केडगाव स्टेशनच्या मागं तुमची पत्र्याची शेड होती. गुऱ्हाळांच्या चरकाचे रोलर झिजले की शेतकरी ते बैलगाडीत घालून तुमच्याकडे आणायचे आणि तुम्ही ते लेथवर चढवायचे. एकदा एका कागद गिरणीचा माणूस तसाच मोठा रोलर घेऊन आला. तो बसवायला तुम्ही गिरणीत गेलात, आणि दुसऱ्या दिवशी घरी आलात ते टॉवेलात गुंडाळलेला ओला पुठ्ठा घेऊन. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले आहे. आई भाकरी थापते आहे. तुम्ही चुलीवरचा तवा उतरवता, पालथा घालता आणि त्यावर तो पुठ्ठा वाळत टाकता. घरभर आंबूस वास सुटतो, आई चिडते, आणि तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणता, उसाच्या चिपाडाचा होतो हा, चिपाड आपलं आणि मशिन मात्र परमुलखातून आणायचं होय? वाळल्यावर तो पुठ्ठा तुम्ही मला दिलात. त्यावर मी बैल काढला होता.

पुढचं मी त्या दोन पानांत लिहिलंच आहे. मांडवगणचा मामा भांडवल घेऊन आला. जमीन, विहीर, सोसायटीतलं वजन, सगळं त्याच्याकडे होतं. तुम्ही शेडच्या फरशीवर खडूनं मशिन काढलंत आणि शेडमध्ये सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रीकाकांनी त्या खडूच्या रेघांवरून सागवानी साचे घडवले. वाळूत साचा दाबायचा, काढून घ्यायचा, राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं, की मशिनचा भाग तयार. साचे हातात असले की एकाची दहा मशिनं होतात, नसले तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ते साचे मांडणीवर देवासारखे ठेवलेले असायचे आणि मला त्यांना हात लावायची परवानगी नव्हती. मग एक दिवस मिस्त्रीकाका कामाला येईनासे झाले आणि साचेही दिसेनासे झाले. थोड्याच दिवसांत त्यांनी स्वतःचं काम सुरू केल्याचं कळलं, आणि मामानं तालुकाभर सांगितलं की मिस्त्रीनं साचे चोरले. तुम्ही हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत.

एक जेवण मात्र मला स्वच्छ आठवतं. मी तेव्हा शाळेत होते. आईनं वाढता वाढता काहीतरी विषय काढला आणि तिचंच ऐकून मीही म्हणाले, तो चोर आता चारचाकीतून फिरतो म्हणे. तुम्ही ताटावरून उठलात. आमटी खारट झालीय, एवढंच म्हणालात आणि बाहेर गेलात. आईनं आमटी चाखून बघितली. मीही चाखली. खारट नव्हती.

कारेगावला काकांच्या घराशेजारीच त्यांचा कारखाना आहे. मुलगे चालवतात, कागद गिरण्यांना लागणारे सुटे भाग करतात. काका ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. मी कोण ते सांगितल्यावर उठून उभे राहिले, सुनेला चहा ठेवायला सांगितला. फोटो त्यांच्याकडे होता. पहिल्या मशिनपुढे तुम्ही, मामा आणि थोडे मागं ते. मी फोटो हातात घेतला आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाले, झालं गेलं विसरून जाऊ, काका.

"ताई, म्या साचं चोरलं न्हाईत," ते म्हणाले. "तुमच्या आबांनी सोता दिलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गिऱ्हाइकं स्टेशनवर उतरली की मालकांच्या आधी मिस्त्री कुठं हाय म्हणून विचारायची, ते मामाला खुपायला लागलं होतं. एके दिवशी सगळ्या कामगारांसमोर मामानं त्यांना विचारलं, इथं मालक कोण आहे, आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. तुम्ही लेथपाशी होतात. हातातल्या सुट्या भागाचं माप घेत होतात आणि शेवटपर्यंत मापच घेत राहिलात. पण पुढच्या गुरुवारी, शेड बंद असताना, तुम्ही काकांना बोलावणं धाडलंत. टेम्पो उभा होता. तुम्ही एकेक साचा पोत्यात गुंडाळून स्वतः आत ठेवलात आणि वरून उसाचं वाढं पसरलंत, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं गुरांचा चारा चाललाय. वाळवीला जप, म्हणालात. आणि कुणी काही म्हटलं तरी बोलू नकोस, म्हणालात. ते बोलले नाहीत. त्यांच्या बहिणीची जमलेली सोयरीक चोराचं घर म्हणून मोडली, तरीही बोलले नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा भीमेच्या घाटावर ते लांब उभे होते, मामानं माणूस पाठवून त्यांना परतवून लावलं. ते मी पाहिलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं, बरं केलं.

मी त्यांना विचारलं, आबांनी असं का केलं? ते म्हणाले, त्ये मलाबी अजून न्हाई उमगलं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं तिला धक्का बसेल. ती मेथी निवडत होती, निवडतच राहिली. म्हणाली, ते साचे जुने झाले होते, तुझे आबा तसेही ॲल्युमिनियमचे करून घेणार होते. म्हणजे तुला माहीत होतं? मी विचारलं. वाढं मीच आणवलं होतं, ती म्हणाली. मग इतकी वर्षं तू त्यांना चोर कशी म्हणत होतीस? तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"माझ्या भावाला खोटं कसं पाडू?" ती म्हणाली. "त्याच्या जिवावर तर आपण उभे होतो."

आता सांगा, आबा, मी काय समजू? तुम्ही एका माणसाला त्याचा संसार उभा करून दिलात की त्याच्या गप्प बसण्याची सोय केलीत? सगळ्यांसमोर एक शब्द बोलला असतात तर साचे लपवून द्यावे लागले नसते. पण बोलला असतात तर मामा गेला असता आणि बहुधा कंपनीही. तुम्ही भित्रे होतात असं म्हणावं, तर भित्रा माणूस आपल्या धंद्याचा जीव दुसऱ्याच्या टेम्पोत स्वतःच्या हातानं ठेवेल का? मोठ्या मनाचे होतात म्हणावं, तर त्या मुलीची मोडलेली सोयरीक आडवी येते. मी रोज एक बाजू धरते आणि झोपायच्या आत ती सुटते.

तरी मला वाटलं, निदान छापताना खरं छापावं. मी इतिहासात एक वाक्य घातलं, की पहिले साचे आबांनी मिस्त्रीकाकांना आपण होऊन दिले. मामेभावानं ते वाचलं. म्हणाला, बाबांना वाईट वाटलं असतं, पण खरं असेल तर राहू दे. मला त्याचा अभिमान वाटला. तेच पान घेऊन मी पुन्हा कारेगावला गेले. काकांनी चष्मा लावून ते वाचलं आणि आत मुलगे नाहीत ना ते बघितलं.

"ह्ये काढा, ताई," ते हळूच म्हणाले. "पोरांना म्या सांगितलंय, रिकाम्या हातानं निघालो आन् सगळं साचं नव्यानं घडवलं. त्यांच्या कंपनीचा इतिहास त्यो हाय."

मी वाक्य काढलं. दोन पानं छापून आली. त्यांत तुम्ही आहात, मामा आहे, तवा पालथा घालून वाळवलेला पुठ्ठा आहे. साचे नाहीत.

उद्घाटनाला काका मुलांना घेऊन आले. मामेभाऊ त्यांना घ्यायला फाटकापर्यंत गेला आणि सगळ्यांसमोर वाकून पाया पडला. तसं कर म्हणून त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. आईनं त्यांना आपल्या शेजारची खुर्ची दिली. दोघं नातवंडांविषयी आणि गुडघेदुखीविषयी बोलत राहिले, जसं काही कधी काही झालंच नव्हतं. मी लांबून बघत होते आणि मला हसावं की रडावं कळत नव्हतं.

हा कागद घडी घालून कुठंतरी ठेवीन किंवा फाडून टाकीन, अजून ठरलं नाही. एकच गोष्ट तुम्हाला माहीत असावी. निघताना काका गाडीपाशी थांबले, टोपी काढून हातात धरली आणि विचारलं, "ताई, आबा कवा माझं नाव काढायचं का?"

मी म्हणाले, "हो, नेहमी."

तुम्ही एकदाही काढलं नव्हतंत.