सात नंबरचा पॅन

२ सप्टेंबर
आजपासून विद्यापीठाचा पुरेपूर फायदा घ्यायचा. मागचं सत्र वाया गेलं, कारण पेपर तपासणाऱ्यांना माझी उत्तरं झेपली नाहीत. मायक्रो इकॉनॉमिक्समध्ये पुन्हा उडालो तर बाबा काकांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसवणार आहेत. तसं स्पष्टच सांगितलंय. उद्याचा अर्थतज्ज्ञ खिळे विकणार.
संकल्प: पहाटे उठणे. लायब्ररी. डिबेट क्लब.

३ सप्टेंबर, सकाळी ११
उठलो. पहाट हा प्रकार ओव्हररेटेड आहे.

५ सप्टेंबर
मायक्रोच्या मॅडमनी ग्रुप प्रोजेक्ट दिला. निम्मे मार्क त्यालाच. माझ्या गळ्यात दोघं बांधली आहेत. एक रूममेट घोकू, जो झोपेतही व्याख्या पुटपुटतो. दुसरी पहिल्या बाकावरची आकडेबाई, जिला सरासरी काढल्याशिवाय घास उतरत नाही. विषय सांगायचीही लाज वाटते: आमच्या होस्टेलच्या मजल्यावर सामायिक किचनमधली भांडी कोण घासतं. जगात मंदी, बेकारी, आणि ही मंडळी सिंकमध्ये डोकावणार.
मी शास्त्रशुद्ध वाटणी केली. मजुरी त्यांची, प्रेझेंटेशन माझं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच हो म्हटलं. माझा दराराच तसा आहे.

१३ सप्टेंबर
दोघं सिंकपाशी उभं राहून टिपणं घेतात, फोटो काढतात. बुद्धीची कीव येते. मी अंडी करून खाल्ली, पॅन भिजत टाकला आणि आलो. मी भांडी घासणं म्हणजे सर्जननं दवाखान्याची फरशी पुसणं. माझ्या वेळेची अपॉर्च्युनिटी कॉस्ट केवढी. वाचलेल्या वेळात झोप काढली.

२० सप्टेंबर
आकडेबाईनं मीटिंगला बोलावलं. गेलो नाही. डिबेट क्लबलाही गेलो नाही, तिथे सगळे बोलत बसतात.
संध्याकाळी पॅन घासून ठेवलेला होता. नेहमीच असतो. इथली व्यवस्था आपोआप चालते, हे त्या दोघांना अजून कळलेलं नाही.

२८ सप्टेंबर
आईचा फोन. पॅनचा दांडा सैल होता म्हणून निघताना तिनं निळी चिकटपट्टी गुंडाळून दिली होती. ती टिकली का, विचारत होती. आईला असल्याच गोष्टींत रस. मी प्रेझेंटेशनबद्दल सांगितलं. बाबांना सांगते म्हणाली. म्हटलं, जरूर सांग.

५ ऑक्टोबर
घोकूनं स्लाइड्स पाठवल्या. मग दारात घुटमळत म्हणाला, "एकदा वाच रे. नंतर आमच्यावर चिडू नकोस." मी म्हटलं, वाचून बोलणं हे पाठांतरवाल्यांचं काम. मी ऐनवेळी फुलतो.

७ ऑक्टोबर, सकाळी
शर्टला इस्त्री केली. आज लोकांना कळेल.

७ ऑक्टोबर, संध्याकाळी
कळलं.
सुरुवात झकास झाली. नावं गुप्त होती, नुसते नंबर. मजल्यावरचे बहुतेक जण आपापलं घासतात. सात नंबर कधीच घासत नाही. त्याचंही बाकीचेच घासतात, कारण त्यांना सिंक रिकामं हवं असतं. वाचता वाचता डोकंच फिरलं. स्लाइड बाजूला ठेवून बोललो, की असल्या फुकट्यांमुळेच समाज बुडतो. नाव जाहीर करा आणि सत्र संपेपर्यंत अख्ख्या मजल्याची भांडी त्याच्याकडून घासून घ्या. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत घोकू जोरजोरात मान हलवत होता. मला वाटलं, भारावलाय.
मॅडमनी विचारलं, हा नियम तुम्ही स्वतः लावाल का? म्हटलं, आजपासून. आणि पुढची स्लाइड लावली. सात नंबरचं भांडं. फोटोत पॅन होता, दांड्याला निळी चिकटपट्टी.
आमच्या मजल्यावरची पोरं मागच्या बाकांवर होती. ती आधी हसली, मग सगळा वर्ग. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. खूप लाज वाटली.

९ ऑक्टोबर
त्या दोघांचे मार्क लागले, उत्तम. माझे राखून ठेवलेत. मॅडम म्हणाल्या, "नियम तुमचा आहे. लावून बघा आणि काय झालं ते लिहून द्या. पास की नापास, ते त्यावर ठरवू."
घोकूवर चिडायला गेलो. तो म्हणाला, "फोटोतली पट्टी झाकू का, हे विचारायलाच आलो होतो मी त्या दिवशी." चिडता आलं नाही.

१६ ऑक्टोबर
हात सोलवटलेत. करपलेलं अंडं भिजवूनही निघत नाही. इतके दिवस हे कोण काढत होतं, कोण जाणे. म्हणजे, आता माहीत आहे, आकडेबाईनं सांगितलं. घोकू.
घासत असतानाच आईचा फोन आला. प्रेझेंटेशन कसं झालं? म्हटलं, गाजलं, आता फील्डवर्क चालू आहे. तिला नळाचा आवाज ऐकू गेला. भांडी घासतोयस का, म्हणाली. हो म्हटलं. ती बाजूला वळून बाबांना सांगताना ऐकू आली, "अहो, दुकानाचं राहू द्या. काहीतरी शिकायला लागलाय तो."