जाड पत्र्याची गाडी

आबा, परवा एक म्हातारा माझ्यासमोर धडधाकट उभा होता आणि ते मला सोसलं नाही. तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू.

झालं असं, की मिरजगावच्या अलीकडं उसाची ट्रॉली रस्त्यातच बंद पडली होती, तिच्यावर मागून एक नवी मोटार आदळली. माणसं दवाखान्यात गेली आणि गाडी आपल्या गॅरेजला आली. तिचं तोंड पार चुरगळलेलं, बॉनेटची घडी होऊन काचेला टेकलेली. पत्रा आहे का पापड, असं म्हणत मी दुसऱ्या दिवशी विम्याच्या माणसाला गाडी दाखवत होतो, तेवढ्यात गाडीमालक रिक्षातून बापाला घेऊन उतरला. बाप ऐंशीच्या घरातला. छातीवर सीटच्या पट्ट्याचा काळानिळा वळ, बाकी काही नाही. उतरल्या उतरल्या पोराला दटावतोय, "आरं, माजी तंबाखूची पिशवी शिटाखाली आसंल. नीट बघ की, डोळं हायेत का बटनं?" आणि केस पांढरे झालेला तो पोरगा "व्हय, बघतो" म्हणत गुडघे टेकून शिटाखाली हात घालतोय. मला त्या दटावणीचाच हेवा वाटला, आबा. मला असं कुणी बोलून किती वर्षं झाली.

मी जरा कुचकटपणेच विम्याच्या माणसाला म्हणालो, जुनी गाडी असती तर एवढं झालं नसतं. तो म्हणाला, "काका, गाडीला झालं नसतं. आतल्या माणसाला झालं असतं." मग त्यानं हात लावून दाखवलं. पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा करतात, धक्का तिथंच जिरतो. बसायची जागा तेवढी कडक ठेवतात, म्हणून दारं हातानं उघडली. जुन्या गाडीत धक्का सरळ आत यायचा, कधी स्टिअरिंगचा दांडाच छातीत घुसायचा. तो शिकवत होता आणि मला तुमची पांढरी गाडी दिसत होती.

कुणी नवी गाडी घेतली की तुम्ही तिच्यावर टिचकी मारायचात, मग आपल्या बॉनेटवर मूठ आपटून म्हणायचात, "हिला म्हन्त्यात गाडी. ते डबडं हाय." तुमच्या शेवटच्या दसऱ्याला मी तुम्हाला न सांगता बंपरच्या मागं लोखंडी चॅनल बसवलं, थेट चासीच्या सांगाड्याला वेल्डिंग मारून. तुम्ही त्याला झेंडूचा हार घातलात, नारळ फोडलात, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या कामाला नावं ठेवली नाहीत. "आता ट्रक आला तरी भ्यायचं न्हाई," म्हणालात. मी दिवसभर हवेत होतो.

त्याच थंडीत राहुरीहून येताना गाडी कडुनिंबावर गेली. एक दिवा फुटला, बंपर जरा वाकला, बस. तुमच्या अंगावर रक्ताचा थेंब नव्हता, मार सगळा आत. मातीला आलेली माणसं गाडीभोवती फिरून म्हणत होती, लोखंड हाय लोखंड. आणि मीसुद्धा पुढं कितीतरी वर्षं गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगत आलो, की बाप गेला पण गाडीला पोचा आला नाही.

त्या चॅनलनं किती बिघडलं, हे विम्याच्या माणसाला विचारायचं होतं. त्याऐवजी दुरुस्तीला किती दिवस लागतील तेच सांगत बसलो. तुमच्या गाडीला पट्टाही नव्हता, तुम्ही कदाचित तसेही गेला असतात. पण कदाचित नसतातही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एवढंच आणखी लिहितो. पिशवी सापडेपर्यंत तो म्हातारा छाती धरून दारात उभा होता. रिकामी खुर्ची माझ्या हाताशी होती. आपल्या गॅरेजात आलेला माणूस कधी ताटकळत उभा राहिलेला नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मी त्याला बसा म्हणालो नाही.