चाकू न लावता

१४ नोव्हेंबर, सकाळ
ठरलं. ऑपरेशन करायचं नाही.
काल डॉ. बर्त्योम बाईंनी माझ्या यकृतातल्या गाठीचा फोटो दाखवला. कॅन्सरच आहे. पण गाठ एकाच बाजूला आहे, म्हणाल्या. ती बाजू काढून टाकू, उरलेलं यकृत पुन्हा वाढतं. "वेळेत सापडली, लाफ्रेनिएर. तुम्ही नशीबवान आहात." नशीबवान माणसाचं अर्धं यकृत कोणी कापतं का? हे मनात म्हटलं.
नंतर रक्त घेताना जरा आडवा झालो. खोली कोंदट होती. नर्स उगीचच माझे पाय वर धरून उभी राहिली.
घाबरण्याचा प्रश्नच नाही. सगळी उमर माँट्रियलच्या रस्त्यांवर बर्फ काढायची गाडी चालवली. फक्त घाई नको, एवढंच म्हणणं.

१६ नोव्हेंबर
टीव्हीवर देव भेटला!
आपल्याच शहरात, युनिव्हर्सिटीत, धुळीच्या कणाएवढे रोबो बनवतायत. पाठीवर औषध. रक्तात सोडायचे, बाहेरून चुंबकाने वळवायचे, थेट गाठीच्या दारात. चाकू नाही, टाके नाहीत. केस गळत नाहीत (तसे ते राहिलेलेही नाहीत).
युगेतला हाक मारून दाखवलं. म्हणाली, "छान आहे. ऑपरेशनची तारीख मिळाली का?" बायकोला विज्ञानाची आवड नाही.
संकल्प: बियर बंद. रोज चालणं. रोबोंचा अभ्यास.

१७ नोव्हेंबर
चाललो नाही. बाहेर निसरडं. बियर एकच (मोठी).

२३ नोव्हेंबर
युनिव्हर्सिटीत जाऊन आलो. फोन न करताच गेलो, फोनवर लोक टाळतात. दारावरच्या माणसाने नाव आणि नंबर लिहून घेतला. म्हणजे यादीत आलो.
सोहेला नावाची इराणी मुलगी भेटली. रोबो चालवणारी हीच. काचेच्या नळीत पाणी, त्यात काळा ठिपका. तिने बटण फिरवलं की ठिपका डावीकडे वळे. मी म्हटलं, वळण जरा लवकर घेतेस, मागचं चाक घासेल. हसली.
हे सगळं डुकरांवर चालू आहे, म्हणाली. माणसांवर यायला बरीच वर्षं जातील. मग मला काय झालंय ते तिने विचारलं. सांगितलं तर तिचं हसू गेलं. "डॉक्टर काढून टाकू म्हणतायत? मग काढून घ्या. माझ्या वडिलांना मी हेच सांगितलं असतं."
मुलगी प्रेमळ. पहिल्याच भेटीत वडिलांच्या जागी मानलं. काम होणार.
'बरीच वर्षं' वगैरे बोलायची पद्धत असते. आम्हीही चार दिवसांत बर्फ उचलू असं जाहीर करायचो आणि दोन दिवसांत उचलायचो.

५ डिसेंबर
कॉफीच्या दुकानात नॉर्मां भेटला. नोकरीतला जुना जोडीदार. त्याला रोबोंचं सविस्तर समजावलं. म्हणतो, "तुझ्या रक्तात सोडले तर अर्ध्या वाटेत झिंगून पडतील." सगळं दुकान हसलं. मीही हसलो.
बाहेर आल्यावर त्याने माझी बाही धरली. म्हणाला, ओमेर, मस्करी पुरे. करून टाक. नॉर्मां म्हातारा झालाय.

११ डिसेंबर
ऑपरेशनची तारीख आली, अठरा. नाताळ तोंडावर असताना! मी जानेवारीत बघू म्हणून कळवलं. तासाभरात खुद्द बर्त्योम बाईंचा फोन. "गाठ नाताळ पाळत नाही, लाफ्रेनिएर."
मोठ्या डॉक्टरीण, पण बोलणं फटकळ. माझी तारीख दुसऱ्या कोणाला तरी दिली. बिचारा.

२६ डिसेंबर
युगेतचा नाताळचा खिमा भरलेला पाव यंदा बिघडला. कशालाच चव नव्हती. पाहुण्यांनी दोनदा वाढून घेतला. लोक सभ्य असतात.

१९ जानेवारी
सोहेलाला फोन केला. या महिन्यातला सहावा असेल. डुकरांचं कसं काय विचारलं. मग म्हणाली, "मी तुमच्या पाया पडते, माझ्यासाठी थांबू नका. मला रात्री झोप लागत नाही."
फार काम करते. तिच्या प्रोफेसरांना सांगायला हवं.
बर्त्योम बाईंच्या नर्सचा फोन आला होता, तपासणीला या म्हणून. अंगात कणकण होती म्हणून नाही म्हटलं. कणकण संध्याकाळी आली.

८ फेब्रुवारी
चेहरा उतरलाय म्हणतात, पण पोट छान गोल झालंय. पँटचं बटण लागत नाही. खाणं अंगी लागतंय.
हे युगेतला सांगितलं तर ती सिंकपाशी पाठ करून उभी राहिली. म्हणाली, "यकृत तुझं आहे, ओमेर. पण नवरा माझा आहे." मी म्हटलं, नळ वाहतोय.

२० फेब्रुवारी
डोळे पिवळे. आमच्या बाथरूमचा दिवाच पिवळट आहे. बदलायचा.

३ मार्च
मोठा निर्णय! ऑपरेशन करून घेतो.
रोबोवाल्यांना पुरेसा वेळ दिला. त्यांचं जमेना, त्याला आपण काय करणार? आता बाईंना संधी देऊ. खूश होतील. युगेतला सांगितलं. तिने लगेच हॉस्पिटलला फोन लावला. परवा तपासणी आहे, ऑपरेशन नाही, असं मला तीनदा बजावलं. तरी बॅग मीच भरली: नवा पायजमा, दाढीचं सामान, चपला. दोनदा उघडून पुन्हा भरली. वेळ होता.
एकदा ठरवलं की ठरवलं. असा स्वभाव आहे आपला.

५ मार्च, संध्याकाळ
सकाळी फोटो काढले. दुपारी बर्त्योम बाई आल्या. टेबलापलीकडची खुर्ची ओढून माझ्या शेजारी आणली आणि बसल्या.
गाठ मोठ्या शिरेत शिरलीय. यकृताच्या दुसऱ्या बाजूलाही गेलीय. पोटात आहे ते पाणी. आता कापून उपयोग नाही.
मी म्हटलं, पण मी तयार आहे. बॅग आणलीय.
म्हणाल्या, "दिसतेय मला." आवाज फटकळ नव्हता. ऑपरेशनचं नावच काढेनात. रात्री दुखतं का, कुठे दुखतं, घरी जिने आहेत का, तेवढंच विचारत राहिल्या. घरी येणाऱ्या नर्सचा नंबर युगेतच्या हातात दिला. माझ्या नाही.
येताना गाडी युगेतने चालवली. मला झोप येत होती म्हणून.
पुलाच्या अलीकडे लाल सिग्नलला थांबलो. तिने स्टिअरिंग सोडलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "भीती वाटते, एवढंच म्हणायचं होतंस. मी आत येऊन बसले असते. तू शुद्धीवर येईपर्यंत हललेच नसते."
मी म्हटलं, सिग्नल सुटलाय. मागचे हॉर्न वाजवतायत.