कळशीची गोलाई

मुलुंड (पूर्व),
५ नोव्हेंबर २०२३

ती. नलूताईस,
राजारामचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर मी नुसता हूं हूं करतो आणि कागदावर खरं बोलतो, हे तुझं म्हणणं मान्य. म्हणून कागदावरच सांगतो. तब्येत बरी आहे, गुडघा कुरकुरतो, आणि निवृत्तीनंतर डोक्यात शिरलेलं खूळ अजून उतरलेलं नाही.

गाडी आकाराला येते आहे. नव्वद वर्षांपूर्वीची, एकट्या चालकाची शर्यतीची गाडी, खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश आकाराची प्रतिकृती. आमच्या चिरंजीव सर्वेशने इंटरनेटवरून नकाशे काढून दिले. नियम एकच ठेवला आहे, तयार भाग एकही आणायचा नाही. चाकांचे स्पोक गिटारच्या तारेचे केले, एका चाकाला साठ. पुढची जाळी म्हणजे तेजलची चहाची गाळणी. सीटला माझं जुनं पाकीट लागलं. सूनबाई म्हणाली, बाबा, आता कुकरकडे तेवढं बघू नका. बंद केलेल्या गॅलरीत माझा सगळा पसारा असतो, तिथला केरही बिचारी तीच काढते.

अडलं होतं ते शेपूट. मागे निमुळतं होत गेलेलं, दोन्ही अंगांनी फुगीर. सपाट पत्रा ठोकून चार वेळा केलं, चारही वेळा चिरलं. कारखान्याच्या टूलरूममध्ये जन्म काढला आणि आता हात दगा देतात, याचा फार राग येत होता. गेल्या आठवड्यात मात्र थोडं जुनं तांबं हाती लागलं. गोलाई अगदी हवी तशी! कुठून मिळालं ते विचारू नकोस.

गंधालीच्या नव्या घराचं कुठवर आलं? लोभ आहेच, तो असाच वाढव.

तुझा,
राजा


मानखुर्द,
२० नोव्हेंबर २०२३

चि. राजास,
नलूताईचे अनेक आशीर्वाद.

पाकीट कापलंस ते ठीक. उद्या सुनेच्या बांगड्यांची चाकं करशील, तुझा काय भरवसा, मेल्या. लहानपणी आबांच्या छत्रीच्या काड्या काढून धनुष्य केलं होतंस, तेव्हाचा मार विसरलास वाटतं.

आता कामाचं. आपल्या गंधालीला अंधेरीच्या फ्लॅटची चावी मिळाली. नात स्वतःच्या घरात जाते आहे, मला तर अजून खरंच वाटत नाही. सतरा डिसेंबरला गृहप्रवेश आहे. तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आईची तांब्याची कळशी. परळची चाळ सोडून मुलुंडला आलो तेव्हा आईने तीच भरून कमरेवर घेतली आणि पहिलं पाऊल टाकलं. इथे मानखुर्दला मी तीच घेऊन आले, आणि लग्न होऊन आली तेव्हा तुझ्या राधानेही, बिचारी आज असायला हवी होती, तीच घेतली. गळ्यावर नाव घातलेलं आहे, सौ. रुक्मिणी सीताराम तावडे. तुझ्या माळ्यावर आहे. चिंचेने घासून ठेव, गंधाली न्यायला येईल.

बाकी सर्व क्षेम. माया असू दे.

तुझी,
ताई


मुलुंड (पूर्व),
२७ नोव्हेंबर २०२३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माळा दोनदा उपसला. कळशी नाही. दिवाळीच्या साफसफाईत तेजलने जुनी भांडी मोडीत घालून स्टीलचे डबे आणले, त्यातच गेली असावी. तिला मी काही विचारलेलं नाही, तूही विचारू नकोस. आजकालच्या मुलींना नाव घातलेल्या भांड्याची काय किंमत. उगाच घरात वाद नको.

गुडघा दुखतो आहे, म्हणून इथेच आटोपतो. लोभ कमी करू नकोस.

राजा


मानखुर्द,
२० डिसेंबर २०२३

चि. राजास,
आशीर्वाद.

गृहप्रवेश छान झाला, तू आलास, बरं वाटलं. गंधालीचं घर हवेशीर आहे. माझं मात्र मन पुरतं लागलं नाही, आणि त्या भरात जरा बोलले. तुझ्या सुनेने हौसेने नवी कोरी तांब्याची कळशी आणली. ती बघूनच माझं डोकं फिरलं. चाळीस माणसांत म्हणाले, की जुनी मोडीत घालायची आणि वर नवी मिरवायची, ही बरी रीत शिकलीस. पंगतीत वाढत होती ती. हातातलं पातेलं खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वाढायला लागली. खरंच असणार म्हणून गप्प राहिली.

तू समोरच जेवत होतास, मला अडवलं नाहीस. बरं केलंस. कुणीतरी बोलायलाच हवं होतं. माया आहेच.

ताई


मुलुंड (पूर्व),
२८ जानेवारी २०२४

ती. ताईस,
नमस्कार लिहितो, पण तो तू घ्यावास असं माझ्याकडे काही उरलेलं नाही.

कळशी तेजलने मोडीत घातली नाही. मी कापली. शेपटाचा पत्रा चौथ्यांदा चिरला त्या दिवशी माळ्यावर दुसरं काही शोधायला चढलो होतो. कळशीवर हात पडला आणि तळव्याला ती गोलाई कळली. कुण्या तांबटाने साठ वर्षांपूर्वी ठोकून ठेवलेली, मला हवी होती अगदी तीच. आईचं नाव वाचलं, ताई. वाचून कात्री लावली. नाव असलेला गळा तेवढा बाजूला काढून ड्रॉवरमध्ये ठेवला, जणू तेवढ्याने काही बिघडलंच नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा सांगता आलं असतं. तू रागावली असतीस, चार दिवसांनी विसरली असतीस. पण बहात्तराव्या वर्षी एका खेळण्यापायी आईची कळशी कापली, हे लिहायला लाज वाटली. सुनेचं नाव लिहायला नाही वाटली. अंधेरीला तू बोललीस तेव्हा माझ्या तोंडात घास होता. तो मी गिळला आणि पुढचा घेतला.

परवा सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या हॉलमध्ये गाडी ठेवली होती. लोक शेपटावरून हात फिरवत होते. एका इंजिनियर गृहस्थांनी विचारलं, ही गोलाई कशी आणली. तेजल शेजारी होती, तीच म्हणाली, बाबांनी फार मेहनत घेतली आहे. टाळ्या पडल्या. घरी येऊन मी गाडीवर चादर टाकली, ती अजून काढलेली नाही. स्वतःचीच किळस येते. वाटतं मोडून टाकावी.

तुझ्या लोभावर माझा हक्क उरला का, ते तूच ठरव.

राजाराम


मानखुर्द,
३ फेब्रुवारी २०२४

राजास,

आशीर्वाद सवयीने लिहिणार होते, थांबले.

गाडी मोडू नकोस. कळशी गेली ती गेली, आता आणखी एक वस्तू कशाला घालवतोस. आई असती तर तिने दोन धपाटे घातले असते आणि मग गाडी हातात घेऊन बघितली असती. कळशीचं मी पोटात घालते.

दुसरं मला पोटात घालता येत नाही. त्यात मीही आहे. खोटं तू बोललास, पण सून म्हटल्यावर मला ते पटायला एक क्षणही लागला नाही. तीच गोष्ट कुणी गंधालीबद्दल सांगितली असती तर मी शंभर प्रश्न विचारले असते. चाळीस माणसांत लेकराला बोलले. दोन रात्री डोळा लागलेला नाही. मी मुलुंडला येते आहे, तुझ्याकडे नाही, तिच्याकडे.

क्षमा माझ्याजवळ मागू नकोस, माझी ती द्यायची लायकी नाही. तिच्याशी बोल.

ताई


मुलुंड (पूर्व),
८ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांस,
तेजलचा नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र आज माझ्या डब्याच्या पिशवीत सापडलं. ऑफिसात जेवताना वाचलं आणि घरी आल्या आल्या उत्तर लिहिते आहे.

मला माहीत होतं. दिवाळीआधी गॅलरी झाडताना ड्रॉवर उघडा होता, त्यात कापलेला गळा होता. आजींचं नाव वाचलं आणि ड्रॉवर लावून टाकला. सर्वेशलाही सांगितलं नाही. आई गेल्यापासून तुम्ही पहिल्यांदाच वेळेवर जेवत होतात, हसत होतात. वाटलं, तुमचं तुम्ही सांगाल. अंधेरीला नवी कळशी मी त्यासाठीच नेली होती, की आत्यांनी जुनीचा विषय काढू नये आणि तुमची अडचण होऊ नये. तुम्ही माझं नाव सांगून आधीच मोकळे झाला होतात, हे मला तिथे, वाढताना कळलं. आत्यांकडे पाहिल्यावर मी तुमच्याकडेही पाहिलं होतं. तुम्ही पानात पाहत होतात.

हॉलमध्ये मेहनतीचं बोलले ते टोमणा म्हणून नाही. साठ-साठ तारा लावताना मी बघितलं आहे तुम्हाला. ती मेहनत खरीच आहे.

आत्या काल येऊन गेल्या, तुम्ही फिरायला गेला होतात. माझा हात धरून रडल्या. त्यांचं आणि माझं मिटलं. तुमच्या पत्रात चार ठिकाणी क्षमा आहे, पण बाबा, आपण एका घरात राहतो. मधे एक भिंत आहे. मला ऐकवलं ते चाळीस माणसांत, आणि क्षमा मात्र डब्याच्या पिशवीत?

येत्या रविवारी आत्या, गंधाली आणि त्या दिवशी पंगतीला असलेल्यांपैकी जमतील तेवढे सगळे आपल्याकडे जेवायला येणार आहेत. मी बोलावलं आहे. कशासाठी ते कुणाला सांगितलेलं नाही, सर्वेशलाही नाही. ते तुम्ही सांगायचं. स्वयंपाक मी करीन, पण पानं तुमचं बोलून झाल्यावरच वाढीन.

लोभ आहे म्हणून लिहिलं. नसता तर याही वेळी गप्प बसले असते.

आपली,
तेजल