जावयाला दाखवायचा नेम

२१ मार्च, अंबड
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे. काल आकांक्षाच्या साखरपुड्यात जेवणं झाल्यावर मी सहज बोलून गेलो की कॉलेजात एनसीसीत असताना माझा नेम कधी चुकला नाही. होणारे जावई सूरजराव फौजेत आहेत. ते म्हणाले, मामा, रामनवमीला जांबच्या जत्रेत फुग्यांवर बघायचाच तुमचा नेम. व्याही हसले. ते हसणं मला आवडलं नाही.
एनसीसीत माझ्याकडे रायफली पुसायचं काम होतं. म्हणजे बंदूक मी आतून ओळखतो. बाकीच्यांनी नुसत्या उडवल्या.

२३ मार्च
जालन्याहून सेकंडहँड एअरगन आणली. बायकोला, म्हणजे दैवशालाला, सांगितलं की माकडं हाकलायला. तिने विचारलं, आपल्या गल्लीत माकड कधी आल्तं? मी म्हणालो, येऊ शकतं.
संकल्प: रोज पहाटे पाचला गच्चीवर सराव.

२४ मार्च, सकाळी साडेनऊ
पहाटेचा उजेड नेमबाजीला चांगला नसतो. कठड्याला जुनी गादी उभी केली. तिच्यावर बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा, मधोमध कुंकवाचा टिळा. पुष्कळ छर्रे मारले. टिळा शाबूत. पुठ्ठाही शाबूत. बहुतेक छर्रे डावीकडे जातात. निदान: माणूस ओके, साईट, म्हणजे नेम धरायची खाच, हललेली. साईट झिरो करावी लागेल, म्हणजे नेम धरू तिथेच छर्रा लागेल.

२५ मार्च
मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस सांगतो, छर्रा डावीकडे जात असेल तर मागची खाच उजवीकडे सरकवा. पटलं नाही. छर्रा डावीकडे चाललाय तर साईटने त्याच्यासोबत नको का जायला? संसारात मी हेच करतो. दैवशाला जिकडे वळते तिकडे मी वळतो, सगळं बराबर चालतं. खाच डावीकडे घेतली, चांगली दोन बोटं.. नाही, तेवढी जागा नसते. जाईल तेवढी घेतली.

त्याच दिवशी, दुपारी
डावीकडच्या गच्चीवाले कल्याणराव आले. हातात एक कुरडई, कुरडईत छर्रा. कुरडई टेबलावर ठेवली, चहा घेतला, गेले.
ते गेल्यावर दैवशाला म्हणाली, "त्यांच्या मीनावहिनींनी कंबर मोडून कुरडया घातल्या, अन् तुम्ही त्याला भोकं पाडून राह्यले."
मी म्हणालो, कुरडईला भोकं असतातच. तिने माझा अर्धा चहा उचलून नेला.

२७ मार्च
वारा. सराव रद्द.

२८ मार्च
वारा नाही, पण येईल असं वाटत होतं.

३० मार्च, पाडवा
नवीन वर्ष, नवीन संकल्प: पहाटे पाच. आज सण म्हणून सूट. पुरणपोळी.

३१ मार्च
कालची पुरणपोळी जड गेली.

२ एप्रिल
शोध लागला! इतके दिवस मी साईटच्या मागे लागलो होतो. खरी चूक पुठ्ठ्याची. पुठ्ठा चुकीच्या जागी होता. छर्रे जिथे जातात तिथे, डावीकडे, नेऊन बांधला. नेम मात्र जुन्याच जागेवर धरला. एक छर्रा पुठ्ठ्याला लागला! बाकीचे मोजत नाही. साईट झिरो झाली.

३ एप्रिल
व्याह्यांना फोन करून सांगितलं, बंदूक बिलकुल बराबर आहे. ते म्हणाले, मंग आम्ही सगळेच येतो, दोन जीप करून. दोन जीप कशाला?
आकांक्षा जवळ येऊन बसली. म्हणाली, "पप्पा, लग्न होईपर्यंत तरी काही बोलू नका ना." ठरवलं, आता तिच्यासाठी तरी फुगे फोडायचे. सगळे.

६ एप्रिल, रामनवमी. जांबहून परत आल्यावर
समर्थांचं दर्शन छान झालं.
उपवास असताना साबुदाण्यावर नेम लागत नाही, हे व्याह्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. फुगेवाला म्हणाला, घरची बंदूक चालणार नाही, माझीच घ्या. जत्रेतल्या बंदुकीची साईट वाकडी असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी मारले. एकही फुगा फुटला नाही. बाजूला टांगलेल्या बाहुलीचं मुंडकं तेवढं उडालं. फुगेवाल्याने बाहुली माझ्याच हातात दिली. व्याही हसले. यावेळी विहीणबाईही.
मग त्याच बंदुकीने सूरजरावांनी मारले. पहिला चुकला. मग फुगे फुटतच गेले. मी आधी नळी गरम करून दिली होती, त्याचा फायदा झाला.
जीपमध्ये कोणी बोलेना. म्हणून मीच म्हणालो, उद्या घरी या, माझ्या बंदुकीवर बघा. का म्हणालो?

७ एप्रिल
आले. सूरजरावांनी बंदूक हातात घेतली, साईट पाहिली, माझ्याकडे पाहिलं. पुठ्ठा गादीच्या मधोमध आणला. स्क्रूड्रायव्हर मागितला, खाच उजवीकडे घेतली, छर्रा मारला. पुन्हा जराशी घेतली, पुन्हा मारला. टिळ्याला भोक.
मग बंदूक माझ्या हातात. मी मारला. गादीला लागला. दुसरा गादीलाही नाही.
सूरजराव व्याह्यांना म्हणाले, दादा, तुम्ही खाली चहा घ्या, आम्ही आलोच. सगळे उतरले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मामा, साईट आता बराबर आहे. पण चाप ओढताना तुम्ही दोन्ही डोळे गच्च मिटून राह्यले. मी कोणाला सांगणार न्हाई."
खाली व्याह्यांनी विचारलं, कसा काय नेम? सूरजराव म्हणाले, मामांनी शिकवावा असा. मला फार लाज वाटली. आणि पोरगी चांगल्या घरी चालली म्हणून बरंही वाटलं.
संध्याकाळी एकटाच वर गेलो. डोळे उघडे ठेवायचे ठरवलं. टिळ्यावर नेम धरला, बराच वेळ धरला. चाप काही ओढवला नाही.
बंदुकीत आता काहीच खोट उरलेली नाही. विकून टाकतो.