आईच्या वीस गोळ्या

१८ ऑगस्ट

आई आज पुन्हा उठलीच नाही. जूनपर्यंत किती छान चाललं होतं! उदासीवरची गोळी लागू पडली होती. माझ्या धाकट्या भावाची, अनेकांतची चेष्टा करायची, रोज बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला जायची. चातुर्मास लागला आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडलीय.

झोपताना विचारलं, "गोळी?"

"उशाशी ठेवलीय गं."

माझी खात्री झालीय — जुलैत नव्यानं आणलेली ही गोळीच बोगस आहे!

१९ ऑगस्ट

पार्श्वनाथकाकांच्या मेडिकलमध्ये जाऊन भांडले. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर! "आपल्याच माणसांना गंडवता व्हय?" काकांचा चेहरा एवढासा झाला. म्हणाले, "रुचिता, तू औषधाच्या लॅबमध्येच हाईस न्हवं? तपास की मग."

तपासणारच!

२१ ऑगस्ट

तपासायला वीस गोळ्या लागतात, एकत्र कुटून घ्यायच्या. आईच्या कपाटात दोन भरलेल्या पट्ट्या सापडल्या. बरं झालं, काकांकडं जायला नको.

२२ ऑगस्ट

कुटल्या, विरघळवल्या, रंग घातला, क्लोरोफॉर्म ओतून हलवलं. गोळीत औषध असेल तर ते रंगाला धरून खालच्या क्लोरोफॉर्ममध्ये उतरतं. नसेल तर खालचा थर पाण्यासारखा बिनरंगाचा. मी पाण्याचीच वाट बघत होते.

पिवळाधमक! जितका पिवळा तितकं औषध. यंत्रावर मोजलं — ९९.२ टक्के. पुन्हा केलं. तेच!

काकांना काय तोंड दाखवू? आणि गोळी चांगली आहे, तर आई अशी का होत चाललीय? लॅबमध्येच रडले.

२३ ऑगस्ट

काकांची माफी मागितली. "असू दे गं," म्हणाले, पण नेहमीसारखं हसले नाहीत. फार लाज वाटली.

परत येताना गाडीवरच डोक्यात आलं — जुलैत आणलेल्या तीस गोळ्या, रोज एक घ्यायची, तर अजून वीस उरल्याच कशा?

घरी येऊन विचारलं. आई बिचकून उठून बसली. "अगं, चातुर्मासाला बस्तीत आलेल्या माताजींपुढं नेम घेतलाय न्हवं? दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब न्हाय. आणि डॉक्टर म्हणालेले, झोपतानाच घ्या. मग कशी घेऊ?"

"मला सांगायचं न्हाईस?"

"तुला ठावं हाय असंच वाटलं. नेम घेताना शेजारीच हुतीस की."

होते. हात जोडून उभी होते. फोटोसुद्धा मीच काढला.

२४ ऑगस्ट

डॉक्टरांना फोन केला. "त्यात काय! सकाळी घ्यायची," म्हणाले.